क्ष

नळदुर्गच्या पोस्टासमोर लिंबाखाली माझं टेबल.
मशीनची सगळी अक्षरं चालतात, एक सोडून :
क्ष-ची दांडी गेल्या दिवाळीत मोडली.
तेवढी जागा रिकामी ठेवतो, मग पेनानं भरतो.

सुगलाबाई आली ती मंगळवारी,
पिशवीत लष्करी कोर्टाचा कागद, घडीवर फाटलेला.
बसवंत तिचा धाकटा.
वरिष्ठावर हात उचलला.
दीड वर्षाची कैद, नोकरी गेली, पेन्शन गेली.

"मुनशीजी, थेट दिल्लीला लिवा.
तिन्ही फौजांचा धनी तिथं बसतो म्हनं.
त्येनं बोट हलवलं की तोफा हलत्यात,
माझ्या लेकराचं एक कुलूप निघायचं न्हाई?"

मी चष्मा पुसला. कलम त्रेपन्न मला पाठ आहे,
पाठ असलेलं सांगता येतंच असं नाही.
"बाई, फौज त्यांच्या नावानं चालते,
पण नाव त्यांचं, पाऊल कायद्याचं.
मंत्रिमंडळ सल्ला देईल तशी सही.
एकदा म्हणता येतं, पुन्हा विचार करा.
तेच परत आलं की लेखणी उचलावी लागते."

"मंग सव्वीस जानेवारीला सलामी कामून घेत्यात?"
"सलामी खुर्चीला असते."
"खुर्चीला लेकरं असत्यात का?"

तुळजापूरची गाडी लागली, निघून गेली.
मी कार्बन सरळ करत बसलो.

तिला सांगितलं नाही ते असं :
अब्बा तेव्हा दहा वर्षांचे.
भादव्यात सोलापूरच्या सडकेनं रणगाडे आले,
बोरीच्या काठची भांडी फळीवर थरथरली.
तेव्हा राष्ट्रपती नव्हते, संविधान अजून लिहून व्हायचं होतं.
रझाकार पळाले, त्याचं अब्बांना दुःख नव्हतं.
पण फौज पुढं गेल्यावर मागून जी माणसं आली,
ओळखीची, आपल्याच भागातली,
त्यांना अडवायला सडकेवर कुणी नव्हतं.
अब्बा पिवळ्या जवारीत पालथे, दोन रात्री.
म्हातारपणी मला म्हणायचे,
"हुकूम देनेवाला कौन, ये सब पूछते.
रोकनेवाला कौन, तू वो पूछ."

म्हणून ती खुर्ची दोरीनं बांधलेली पाहिली
की मला झोप लागते.
सुगलाबाईला तीच दोरी
बसवंतच्या मनगटाला काचताना दिसते.
आणि ती काही चुकत नव्हती.

बहात्तरावं कलम टाइप केलं.
लष्करी न्यायालयाच्या शिक्षेलाही तिथं माफी आहे.
तीही सल्ल्यानंच. पण आहे.
मायना, मजकूर, "आपली नम्र", अडीच पानं.

कागद ओढला. पहिल्या पानावर दोन भोकं,
पडलेल्या दातांसारखी :
संर  णदल.
  मा.

"हितं काय ऱ्हायलं?"
"एकच अक्षर आहे, दोन्हीकडं."
"मी काढू?"

तिला सहीपुरतंच येतं.
पावतीच्या पाठीवर गिरवून दिलं, तिनं बघून घेतलं.
जीभ दातात धरून क्षमेचा क्ष काढला,
मोठा, ओळीच्या बाहेर गेलेला.
संरक्षणाचा मग मी काढला.

"दिल्लीत वाचत्याल ना?"
"वाचतात, बाई.
वाचून मंत्रालयाकडं पाठवतात."