फेरमोजणी

हात हलतो, ते लोकांना दिसतं.
गल्लीतले येतात, हाताकडे बघतात,
चहा घेतात, पुन्हा हाताकडे बघतात,
‘आप्पा, गोळ्या चालू ना?’ विचारतात, हाताला.
हाताचं सोडा.
तो खुंट्याला बांधलेलं गोऱ्हं,
ओढून ओढून दमतो, मी निजलो की निजतो.

मी निंबा भदाणे, निवृत्त मोजणीदार.
अमळनेर तालुक्यातल्या किती गटांच्या हद्दी
या दोन डोळ्यांनी कायम केल्या.
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे,
बोरीकाठची काळी, पलीकडची बरड.
नुसत्या नजरेनं सांगायचो, बांध वीतभर सरकलाय.
साखळी टाकली की वीतच निघायची.

आता पांढऱ्या ताटलीत दादरची भाकरी हरवते.
बोटांनी चाचपून तिची हद्द शोधतो.
पेल्याकडे हात नेतो,
पेला चार बोटं अलीकडे निघतो.
पेपरातली एक ओळ दुसरीत नांगर घालते,
एका बांधाचे दोन बांध दिसतात,
मधे चिंचोळी पट्टी, कोणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली.
मारवडच्या दोघा भावांना एकदा भर उन्हात झापलं होतं,
बांध एकच असतो रे, मूर्खांनो.

संध्याकाळी फ्रिजशेजारी खुमसिंग पावरा येऊन बसतो.
खांद्यावर झेंडी, पायात टायरच्या चपला,
माझा साखळीवाला.
वारून एकोणीस वर्षं झाली.
तो नाही, हे मला माहीत आहे.
तरी खुर्ची जरा मागे घेतो, त्याचे पाय लांब आहेत.
‘काय देखी राहिनात?’ केवळबाई विचारते.
काही नाही.
धुळ्याच्या डॉक्टरनं गोळी अर्ध्यावर आणली.
माझे पाय जड झाले, आणि खुमसिंग गेला.
दोघांत जास्त वाईट कशाचं वाटलं, विचारू नका.

म्हणजे विचारा, पण थांबा.
त्रिकोणाचं क्षेत्र मी चालता चालता काढायचो,
गुंठ्यापर्यंत, आण्यापर्यंत.
आकडे आताही येतात,
पण कचेरीच्या दारात नंबर लावून उभे राहतात
आणि शिपाई जेवायला गेलेला.
उत्तर घेऊन मी वर बघतो
तेव्हा विचारणारा उठून गेलेला असतो,
नाहीतर त्यानंच ते सांगून टाकलेलं असतं,
मोठ्यानं, मी बहिरा असल्यासारखं.

परवा नाशिकहून पूर्वा आली. नातीला नोकरी लागली.
पेढा माझ्या तोंडाशी धरून तोंडाकडे बघत राहिली.
आत हलगी वाजत होती, शपथ.
चेहऱ्यापर्यंत काही पोचलं नाही.
‘आजोबांना आवडलं नाही का?’ स्वयंपाकघरात, हळूच.
आणि त्याच रात्री सिमेंटच्या जाहिरातीत
कोणी एक म्हातारा नव्या घराच्या दारात उभा राहिला
तर मी ढसाढसा.

काही दिवस आतही काही नसतं.
हलगी नाही, रडू नाही.
मे महिन्यातली बोरी, नुसतं पात्र.
दुःख असतं तर बरं होतं,
त्याला निदान कडा असतात.
हे मी केवळबाईला सांगितलेलं नाही.
तिला माहीत असावं.

दाराशी पाय रुजतात.
मी बघत असतानाच चौकट अरुंद होते,
उंबऱ्याची काळी फरशी म्हणजे खोल चारी.
तर तिनं लाल चिकटपट्टी आणली,
शेवग्याच्या शेंगा मोडाव्या तसे तुकडे मोडले,
खाटेपासून दारापर्यंत फरशीवर चिकटवले,
वितीनं मोजत, गुडघ्यांवर सरकत.
‘आठे पाय ठेवा. मंग आठे.’

अकरा पट्ट्या.
पाय सुटतो.
सातवी आणि आठवीत अंतर जास्त पडलंय,
नववी तिरपी.
पस्तीस वर्षं असली मोजणी मी फेटाळत आलो.
डोळ्याला खुपते, आजच्या या डोळ्यालाही.

सातवीवर उभा आहे.
ती दारात, माझ्या हाताकडे नाही,
पायाकडे बघते आहे.
आठवी लांब आहे.
टाकतो.