कापशी

रविवारी सौदे नसतात.
मार्केट यार्डात त्या दिवशी काटासुद्धा
शून्यावर येऊन झोपतो,
आणि कापशीला कळतं.

कसं कळतं, विचारू नका.
फणी अजून माझ्या खिशात असते,
मी नुसत्या बाह्या दुमडलेल्या,
तोवर ही पोत्यांच्या थप्पीमागे
शेपूट पायात घालून भिंत झालेली.

नाव कापशी. आदगोंडाच्या पोरीनं ठेवलं तेव्हा
खरंच सरकीवरून आत्ताच काढल्यासारखी होती.
बदली झालेल्या कुणा बँकवाल्यानं सोडून दिलेली,
थंड मुलखाचा केसाळपणा अंगावर घेऊन
सांगलीच्या चैत्रात आली
आणि आठ दिवसांत पिवळी पडली.
हळदीच्या गोदामात पांढरं काय टिकतं?
माझ्या बनियनला विचारा.

ये गं. ये बाई.
भडंगातले शेंगदाणे वेचून आणलेत,
तिखट पुसून, एकेक.

शेंगदाणे ती घेते.
फणीकडे मात्र असं बघते
जसं जुन्या काळी रुमालाखाली बोटं जाताना
माल आणलेला माणूस
व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा.

पाठ करू देते. मान करू देते, नाइलाजानं.
मांड्यांपाशी आलो की गुरगुर,
पार खोलातून,
गिरणी सुरू व्हायच्या आधी पट्टा कुरकुरतो तशी.
मग माझं मनगट दातांत.

चावत नाही.
नुसतं धरून ठेवते, वजन बघितल्यासारखं.
मी तोलार, मला ते समजतं:
किती माल आहे या माणसात,
किती माती.

आम्ही दोघं तसेच थांबतो.

दस्तगीर बिडी विझवत म्हणतो,
"मशीन लाव की. सगळं भादरून टाक, सुटशील."
लावली होती एकदा, गेल्या उन्हाळ्यात.
तीन दिवस ती ट्रकखालून बाहेर आली नाही
आणि उघड्या कातडीला ऊन चावलं ते वेगळंच.
केस म्हणजे नुसता उकाडा नसतो, दस्तगीर.
पत्र्याखाली बसतोस ना तू?
तो पत्रा काढून बघ.

कानामागची गाठ सगळ्यात जुनी.
तिथं फणी चालत नाही.
खोबरेल तेलाचं बोट, आणि नखं, आणि वेळ.
बहिणीची वेणी घालताना आई म्हणायची,
मुळाशी धर, मग ओढ,
मुळाशी धरलं की दुखत नाही.
बहीण तरी रडायचीच.
मी मुळाशी धरतो.
कापशीचा डोळा माझ्यावर, पांढरा कोपरा दाखवत,
पण दात सैल.

आत निघालं काय:
सुतळीचा तुकडा, गोखरूचे दोन काटे,
आणि हळकुंडाची एवढीशी किरची,
कुठल्या हंगामातली कोण जाणे,
चुरगाळली तर अजून वास.

मग सोडलं तिला.
ती उठली, नाकापासून सुरुवात केली
आणि शेपटापर्यंत झटकलं अंग.
दाराच्या उन्हात पिवळा धुरळा असा उठला
की दस्तगीरला ठसका लागला
आणि मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा हात, कपाळ,
छातीवरचे पिकायला लागलेले केस,
सगळं पिवळं.

दस्तगीर पोट धरून हसला:
"लागली बाबा एकदाची हळद तुला!"

एकोणपन्नासाव्या वर्षी.
सत्तावीस वर्षं तोलली, पोत्यापोत्यानं,
कुणाकुणाच्या मांडवात जाऊन लागली असेल.
बोटाला येते, नखात बसते,
आंघोळीचं पाणी रोज रंगवते,
पण ती वेगळी.

मी काही बोललो नाही.
दातांचे वण मनगटावर बघितले,
चार टिंबं, रक्त नाही.

कापशी तोवर परत थप्पीवर,
तीन गिरक्या घेऊन
नेमकी उसवलेल्या पोत्याच्या तोंडाशी पसरलेली,
निम्मीच विंचरलेली.

डावी बाजू पुढच्या रविवारी.