डावी बाजू

नागभीडला, बाजाराच्या दिवशी,
प्रज्वल नागदेवतेच्या दुकानात उभा आहे मी,
मागे मिरच्यांचा ढीग, समोर काचेखाली
सहा-सात प्लेयर.
पहिल्यालाच दिव्यांची माळ, लाल-हिरवी-निळी,
आत बायको रुसल्याचं कुठलंसं गाणं,
आणि धम्म धम्म इतकं
की काउंटरवरचे सेल सरकू लागले.
"बेस पाहा काका, छातीत बसते."
छातीत आधीच राइस मिल बसली आहे, बापू.
एकोणीस वर्षं हलरजवळ उभा राहिलो,
डावा कान तिनं खाल्ला, कोंड्यासकट.
उरला उजवा. त्याच्यासाठी आलो.

खिशातून काडेपेटी काढली,
काडेपेटीतून कापूस, कापसातून कार्ड.
"यातलं वाजव. एकच आहे."

एकच आहे:
तळोधीची दंडार, मंडईची रात्र,
पेटीवर मी, वय एकवीस,
पुढ्यात घोंगडी पांघरून डोमाजी दडमल,
ज्यांच्याकडे पेटी शिकलो
आणि ज्यांनी तोंडावर कधी बरं म्हटलं नाही.
कोणाचा तरी जावई नागपूरहून
दोन माइकचा टेप घेऊन आला होता,
एक माइक माझ्यापुढे, एक माणसांत.
तिसऱ्या कडव्यानंतर मी एक जागा घेतो,
खालून वर, भाता न तोडता,
आणि लगेच एक घोगरा आवाज येतो.
शब्द कळत नाही. "वा" असावा.
इतकी वर्षं मी "वा"च धरून चाललो आहे.

साडेचारशेच्या डब्यात पेटी
पत्र्याच्या पिंपात पडल्यासारखी.
नऊशेच्यात ढोलकी पुढे आली,
माझी बोटं तिच्या मागे लपली.
चौदाशेचा बरा, पण वरच्या सुरांना
त्यानं साखर लावली.
माझी पेटी इतकी गोड कधीच नव्हती,
तिची काळी चार खरखरायची,
पावसाळ्यात तर बोलायचीच नाही.

कंटाळून प्रज्वलनं खालच्या खणातून एक काढला,
काळा, बिनदिव्याचा, साबणाच्या वडीएवढा.
"हा कोणी घेत नाई. याच्यात नुसतं आयकू येते."
दोन हजार सहाशे.
खिशात अठ्ठावीसशे आहेत, कुठून ते सांगत नाही.
सांगतो. भात्याला उंदरांनी भोक पाडलं तेव्हा
पेटी सिंदेवाहीच्या भजनमंडळाला दिली.

हेडफोन चढवला.
आधी भात्याचा श्वास. मग काळी चार, खर्र.
पट्टीवर माझ्या नखाचं टक्क.
जागा आली, गेली,
आणि पुढे काहीच नाही. "वा" गेला कुठे?

"मानसं डावीकडं हायेत काका,
दोन बाजूनं दोन आवाज. तुमी एकच आयकता."
त्यानं माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला
आणि उलटा बसवला.

आता उजव्या कानात खोकला, बांगड्या,
विडी पेटवल्याची काडी,
एक बाळ, त्याला थोपटणारा हात.
पेटी दूर, बांधापलीकडून यावी तशी.
जागा आली. गेली. आणि डोमाजी, अगदी कानाशी, स्वच्छ:
"कोनाच्या म्हसी होत गा ह्या, धानात शिरल्या."

मी हसलो की काय केलं, आठवत नाही.
मिरचीवाली मान वळवून पाहत होती.
पुन्हा लावलं. पुन्हा म्हशी.
तिसऱ्यांदा ऐकताना कळलं,
म्हातारा थांबला होता.
शेवटचा सूर टेकू दिला,
मग बोलला.
तेवढा वेळ म्हशी धान खात होत्या.

"बांधू का? का चौदाशेवाला देऊ?"
मी सव्वीसशे मोजले.
उरले त्यात शंभराच्या मिरच्या, तळोधीचं तिकीट.

एस.टी.त खिडकीशी बसलो, हेडफोन उलटाच.
कंडक्टर काही विचारत होता.
थांब गा, म्हटलं, जागा येते आहे.
"जागा तं भेटली तुमाले," तो म्हणाला,
"पैसे काढा."