बारा तिसऱ्या

सुकोरिना म्हणाली, ल्हान जाल्यो गो बाय,
आणि गुडघाभर शापोऱ्यात उभी राहून
पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपत राहिली.
तिला हे कळायला मोजपट्टी लागली नव्हती.
मला लागते.
मी म्हापशाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे,
आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून
सही करून आणलेला व्हर्नियर माझ्या पिशवीत आहे.

हळर्णकर बाई सांगतात, आधी नदीला निर्दोष धरायचं.
काही बदललेलं नाही, असं लिहायचं पहिल्या ओळीवर,
त्याला शून्य गृहीतक म्हणायचं,
आणि पुराव्याला सांगायचं, ये, मोड, मोडता आलं तर.
मला हे खोटं बोलण्यासारखं वाटायचं,
जे पटत नाही तेच आधी मांडायचं,
नकोशा पाहुण्याला पहिला पाट द्यावा तसं.

मत्स्यखात्याच्या एका जुन्या वहीत सरासरी अडतीस मिलिमीटर.
सुकोरिनाच्या टोपलीतल्या बारा मी मोजल्या
शिवोलीच्या धक्क्यावर, ओल्या मांडीवर वही ठेवून.
एक्केचाळीस. तेहतीस. छत्तीस. पुन्हा तेहतीस.
एकीने मध्येच पाणी उडवलं, तिची नोंद पुसट आहे.
सरासरी छत्तीस पूर्णांक दोन.

पण बारा म्हणजे मूठभर.
दुसऱ्या मुठीत दुसरी सरासरी आली असती.
म्हणून फरक घ्यायचा
आणि त्याला भागायचं त्यांच्याच आपसातल्या बेबनावाने,
प्रमाण विचलन, भागिले बाराचं वर्गमूळ.
तिसऱ्या जितक्या एकमेकींसारख्या
तितका बारीक फरकही मोठ्याने बोलतो.
माझा टी आला उणे एक पूर्णांक त्र्याऐंशी.
अकरा स्वातंत्र्यमात्रांच्या ओळीत
कोष्टक दोन पूर्णांक वीस मागत होतं.

अकराच? बारावी कुठे गेली?
मी सांगितलं, सरासरी एकदा ठरली
की अकरा जणी हव्या तिकडे जाऊ शकतात,
उरलेला हिशोब बारावीने पुरा करायचा.
ती म्हणजे हांव, सुकोरिना म्हणाली.
तिच्या बहिणी लिस्बनला आहेत, स्विंडनला आहेत.

मी वहीत विचारलं होतं, वेगळ्या आहेत का?
दोन्ही बाजू उघड्या, पुस्तकातल्या उदाहरणासारख्या.
ती म्हणाली होती, लहान. एकच बाजू.
त्या एका बाजूला एक पूर्णांक ऐंशी पुरले असते.
माझ्या हातात खोडरबर होता.
बराच वेळ होता.
पण जाळं वर आल्यावर म्हणायचं नसतं
की आम्ही हेच मासे धरायला निघालो होतो.

नदीत काहीच बदललं नसेल,
तरी अडतीसपासून इतक्या दूर गेलेल्या बारा
शंभरात नऊदा हाती येऊ शकतात.
नऊ म्हणजे फार. पाचाच्या आत हवे होते.
मी लिहिलं, शून्य गृहीतक नाकारता येत नाही.
नाकारता येत नाही म्हणजे खरं आहे असं नव्हे,
हे तिला कोकणीत सांगताना माझी जीभ अडखळली.
म्हणजे तुला माहीत नाही, ती म्हणाली.
हो. पण किती माहीत नाही, ते माहीत आहे.

ती हसली, आणि हसता हसता
हातातली एक बारीक तिसरी परत पाण्यात सोडली.
ती का सोडलीस?
ल्हान ती, कोण घेता?
त्या दिवशीही सोडलेल्या?
सदांच.

मी वही मिटली.

अमावास्येच्या ओहोटीला तीस मोजायच्या आहेत.
प्रश्न आधीच लिहून ठेवलाय, शाईने,
लहान झाल्या आहेत का?
त्याखाली, हाताला लागेल ती टोपलीत, परत काही सोडायचं नाही.
सुकोरिनाने मान डोलावली आहे.
तिच्या बोटांचं मला सांगता येत नाही.
चाळीस वर्षं ती तिला न विचारता निवडत आली आहेत.