डाव्या पायाचा मोजा

खडकीच्या त्या मैदानावर गवत फक्त कडेला.
मधे लाल माती, बारीक खडी,
रेंजहिल्सच्या क्वार्टरांतून फोडणीचा वास.
मी स्टॉपर. एकोणीस वर्षं.
दुसरी पाळी दारूगोळा कारखान्यात, सकाळी सराव.

लोक म्हणायचे, ओव्हाळला आधीच कळतं,
देवाची देणगी वगैरे.
देणगी कसली.
मी चेंडूकडे बघायचोच नाही, एवढंच.

पाय पक्के लबाड, डोळे त्याहून.
पण काही करायच्या आधी माणूस
एक बारीकसं काहीतरी करतो
आणि ते त्याच्या गावीही नसतं.

कॅम्पातला मुरुगन आत वळणार असला
की ओठ घट्ट मिटायचा.
सरळ पळणार असला की तोंड उघडं.
दापोडीचा एक उंच पोरगा, नाव विसरलो,
कॉर्नर जवळच्या खांबाला मारायचा असेल
तर चेंडू दोनदा फिरवून ठेवी,
लांबचा असेल तर नुसता टाकी.
आणि धोबीघाटवाल्यांच्या फ्री किकला
जो खरा मारणार, तोच सगळ्यांत कंटाळलेला दिसे.
बाकीचे दोघे हातवारे करत, ओरडत,
लग्नात काम न मिळालेल्या मामांसारखे.

पाटोळे सर म्हणाले, लिहून ठेव.
जुन्या गेटपासांच्या मागे लिहायचो:
मुरुगन, तोंड. शेख, डावं कोपर. फर्नांडिस, मान.
बायकोला वाटलं, कुणाकुणाची दुखणी आहेत.

आणि आमचा अँसेल्म.
आमचा नऊ नंबर.
पेनल्टी डावीकडे मारायची असली
की वाकून डाव्या पायाचा मोजा वर ओढायचा.
उजवीकडे असली की नाही.
मधल्या रेषेवरून, त्याच्या पाठीमागून,
मला ते इतकं लख्ख दिसायचं
की वाटे, आता सगळं मैदान हसणार.
कुणीच हसत नसे. गोल व्हायचा.

सांगायला हवं होतं.
सराव संपल्यावर एक क्रीम रोल
दोघांत मोडताना एकदा ओठांवर आलंही.
पण त्याचं नाव पेपरात यायचं,
आणि न झालेल्या गोलाला
कुणी टाळ्या वाजवत नाही.
शिवाय सांगितलं असतं
तर पुढल्या वेळी तो मोज्याचाच विचार करत बसला असता.
हे दुसरं कारण मी नंतर शोधलं.

मग फायनल.
पिंपरीचा गोलकीपर, अठरा-एकोणीसचा,
हातमोजे मापापेक्षा मोठे.
तो चेंडूकडे बघत नव्हता.
पाकीटमाराला गर्दीत दुसरा पाकीटमार कळतो
तसं मला लांबूनच कळलं.

अँसेल्म वाकला.
मी ओरडलो. काय ते आठवत नाही,
बहुतेक त्याचं नावच.
त्यानं मागे वळून पाहिलं,
मोजा पोटरीवर अर्धाच चढलेला,
मग धावला, आणि उजवीकडे मारली.

गोलकीपर मोज्याच्या बाजूला पडला होता.
अख्खी उजवी बाजू मोकळी होती.
चेंडू खांबाबाहेरून गेला,
पार सायकलींच्या रांगेत.

परवा बोपोडीच्या फाटकाशी भेटला.
गुडघ्याला पट्टा, हातात औषधांची पिशवी.
मालगाडी जात होती, संपतच नव्हती.
नातवंडं, पेन्शन, कुणाकुणाचं काय झालं.
मग डब्यांकडे बघतच त्यानं विचारलं,
त्या दिवशी ओरडलास कशाला?

मी म्हणालो, काही नाही रे,
बूटाची नाडी सुटलेली वाटली.

तो हसला.
म्हणाला, खोटं बोलायच्या आधी
तू कान खाजवतोस, सुदाम.
पहिल्यापासून.
आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

फाटक वर गेलं. मागचे हॉर्न वाजवू लागले.
माझा हात अजून कानापाशीच होता,
आणि तो खाली कसा घ्यावा
हे मला सुचेना.