दहावा

शनिवारी सिपोराबाई कधी म्हणायच्या नाहीत,
‘वृंदे, गॅस पेटव.’
दार अर्धं उघडून नुसतं,
‘आज हवेत गारवा आहे नाही?’
मे महिन्यातसुद्धा.
मी नऊ वर्षांची. काडी ओढायचे, आधण ठेवायचे,
जाताना चौकटीवरच्या तिरक्या डबीला बोटं लावून
त्यांच्यासारखीच ओठांना न्यायचे.
त्या रागवल्या नाहीत कधी.
‘हात तेवढे धूत जा आधी,’ म्हणाल्या.

चरईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये झिराडकरांची तीन बिऱ्हाडं होती.
एक गेलं बीरशेबाला, एक लोदला.
मग त्यांचा नेथनही, अश्दोदला.
जाताना आईचा पोळपाट घेऊन गेला.
‘तिकडे मिळत नाही म्हणे,’ बाई हसून सांगायच्या,
आणि महिनाभर
परात उपडी घालून तिच्यावर चपात्या लाटायच्या.

अकरा वर्षं सासूचं अंथरूण काढलं.
लोकर गिरणी बंद पडल्यावर
नवऱ्याचं गप्प बसणं काढलं.
काढलं, हा त्यांचाच शब्द.
नव्या वर्षाच्या हलव्याला गव्हाचा चीक काढतात तसं:
भिजवायचं, चुरायचं, गाळायचं,
रात्रभर हलवायचं नाही,
वर आलेलं पाणी सकाळी हळूच ओतून द्यायचं.
मग नारळाच्या दुधात घोट घोट घोटायचं.
एकोणीस घरांत वड्या.
वाट्या मात्र आठवणीने परत मागायच्या.

मलिद्याचं ताट मांडायच्या,
पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, सब्जाची डहाळी.
एलियाहू नबींच्या नावाने
नेथनच्या व्हिसासाठी, माझ्या बाळंतपणासाठी,
तळमजल्यावरच्या सय्यदच्या ऑपरेशनसाठी.
नबींना पत्ता एकदाच नीट सांगायचा, म्हणायच्या,
मग मजला ते शोधतात.

आणि दर गुरुवारी फोनपाशी स्टूल.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
नऊच जमले तर काही पानं मिटलेली राहतात.
वहीत चाळीसेक नावं, काहींपुढे गावाचं नाव,
काहींपुढे नुसती रेघ.
‘रहमिमदादा, गुडघा कसाय?’
‘सेगुला, तुझ्या नातवाला तेरा पूर्ण झाली ना? मग पाठव.’
‘एलोजी, शुक्रवारीच या पनवेलहून.
आमच्याकडे झोपा. सुरमईचं कालवण करते.’
स्वतः वरच्या सज्जात, जाळीमागे.
तिथून टोप्या मोजायच्या.
मी विचारलं होतं, ‘आणि तुम्ही कितव्या?’
‘मी मोजणारी,’ म्हणाल्या,
आणि लगेच, ‘खोबरं किसायचं राहिलंय गं.’

कुणी बाई गेली की आंघोळ घालायला त्याच.
कफन शिवायच्या दोऱ्याला गाठ न मारता.
मार्चमध्ये त्या गेल्या तेव्हा
शिवणाच्या टोपलीत तळाशी एक जोड तयार निघाला.
त्यांच्याच मापाचा.
ऐनवेळी कोण बसणार शिवायला, असं वाटलं असेल.

नेथनने सगळं मोबाइलवरून पाहिलं.
त्याच्या धाकटीला मराठीचं एकच वाक्य येतं,
आजीकडून उचललेलं.
पडद्यातून ती तेच विचारत राहिली:
जेवलीस का? जेवलीस का?

किल्ली माझ्याकडे आहे.
परवा गुरुवारी सब्जाला पाणी घालायला गेले
तर फोन वाजला.
‘बाई, दोन आठवडे झाले, तुमचा फोन नाही.
या शनिवारी लागतोय का मी?’
एलोजी. कानाने मंद.
घाईत त्यांना कळवायचं राहूनच गेलं होतं.
वही स्टुलावर होती. मी बोट फिरवत गेले,
ओठ हलवत, त्या हलवायच्या तसेच.
आठ. सेगुलाचा नातू, नऊ.
‘लागताय,’ म्हटलं, मोठ्याने. ‘उद्याच या.’
‘आवाज बसलाय तुमचा.’
‘सांगते उद्या,’ म्हटलं.
‘आधी जेवायला या.’