बिलात न लिहिलेलं

डावीकडे पायाशी, मॅटखाली, पाणी साचलेलं.
मॅट कोरी करकरीत, खालचा पत्रा शेवाळलेला.
डबा काढला. पंजाएवढा, ॲल्युमिनियमचा,
पिना हिरव्या, मोरचूद चढल्यासारख्या.
इंजिनाचा मेंदू म्हणतात याला गिऱ्हाईक लोक.
मी म्हणत नाही.
मेंदूला कोणी चार बोल्टांनी आवळत नाही.

इनासियु फुर्तादो, अस्नोडा. लग्नाच्या बँडात ट्रंपेट.
दोन महिन्यांपूर्वी घेतलेली सेकंडहँड, डिझेल, सात सीट;
मागची काढली की ड्रम मावतात.
"डॉक्टराची गाडी, मास्तर. घर ते क्लिनिक, बस्स.
मीटर बघ ना, अठ्ठ्याऐंशी हजार."
आता चावी फिरवली की दिवे सगळे लागतात
आणि इंजिन गप्प.

उसगावच्या भंगारात तसाच डबा मिळाला.
लेबलावरचे शेवटचे तीन आकडे जुळत होते,
दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
अकरा हजार म्हणाला, साडेसातला दिला.
डिचोलीला येऊन बसवला. स्टार्टर फिरला, फिरतच राहिला,
आणि डॅशवर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकला:
तू कोण?

मग ते काम, ज्याचे पैसे लोकांना जास्त वाटतात
कारण त्यात घाम दिसत नाही.
दोन्ही डबे उघडायचे. काठाचं सिलिकॉन ब्लेडने, सावकाश.
आत तांदळाच्या दाण्याएवढी चिप, आठ पायांची.
पाण्याने जुन्या डब्यात बाकी सगळं खाल्लं होतं,
हिला शिवलं नव्हतं.
क्लिप लावली. लॅपटॉपवर उतरू लागलं:
चावीचं गुपित,
चार इंजेक्टरांचे कोड, सोळा-सोळा अक्षरांचे,
आणि त्याखाली, कोणी विचारलं नसताना,
दोन लाख एक्केचाळीस हजार तीनशे सहा किलोमीटर.
जागेवर उभी, इंजिन चालू: तीन हजार एकशे बारा तास.

कुठला डॉक्टर तीन हजार तास दारात एसी लावून बसतो?

असले तास मला ठाऊक आहेत.
खाण चालू होती तेव्हा माझा मेव्हणा शाणू
सुपरवायझरची गाडी घेऊन काट्यापाशी उभा असायचा.
काचा वर, इंजिन चालू, साहेब फोनवर,
बाहेर ट्रकांची रांग आणि सगळ्यांच्या भुवया लाल.
बंद केली तर साहेबाला उकडायचं.
रात्री घरी जेवायला बसला तरी शाणूचा गुडघा
त्याच लयीत हलत राहायचा. ताट वाजायचं.

ही ती गाडी नव्हे. ती पांढरी होती, ही चंदेरी.
तरी मॅट पुन्हा उचलून पाहिली.
कार्पेटच्या धाग्यांत, कोपऱ्याला, होतीच.
ओली माती. लाल.

भंगारातल्या डब्यात एकतीस हजार होते.
ती एक ओळ तशीच ठेवून बाकीचं लिहिता येतं.
इकडे दोघं-तिघं तसंच करतात,
गिऱ्हाईक वर पेढे देऊन जातं.
माझं बोट थांबलं होतं, खोटं कशाला सांगू.
चहा आला, निवला.
मग सगळं लिहिलं, शेवटच्या सहापर्यंत.

तिसऱ्या फिरकीला सुरू झाली.
थोडा काळा धूर, मग नुसता आवाज.
इनासियुला सांगितलं, आकड्यांसकट.
तो बोनेटवर हात ठेवून राहिला,
ताप बघावा तसा.
"माका फटयलो, मरे."
मग बराच वेळ काही नाही. मग,
"शनिवारी कोलवाळला लग्न आहे. पोचेल?"
पोचेल, म्हटलं.

नोटा मोजू लागला, ओठ हलवत.
ट्रंपेटवाल्याचे ओठ ते, मधोमध एक घट्ट गोल वळ.
एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून.
गाडी दारात चालूच.
बंद कर म्हणणार होतो.